आत्याचं अवधाण

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील म्हसवडला गवंडीकाम करायचे, आई त्यांच्या हाताखाली पाट्या उचलायची, आणि मी सर्जन झाले. हे मी चारचौघांत सांगते, दोनदा सांगते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे. एवढं शिकून मिरवायचं नाही तर शिकायचं कशाला?

पण ह्याच मिरवण्यानं एकदा मला असं काही तोंडघशी पाडायला घेतलं होतं, की अजून आठवलं की आधी लाज वाटते आणि मग हसू फुटतं. हसू जास्त. म्हणून लिहून ठेवते.

मिरजेला शिकत होते तेव्हाची गोष्ट आधी सांगायला हवी. वॉर्डात माणदेशातले एक मेंढपाळ आजोबा आले. जांघेत गाठ. काय होतंय विचारलं तर म्हणाले, ‘‘अवधाण आलंय.’’ पुण्या-मुंबईची हुशार पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. प्राध्यापकांनाही शब्द ठाऊक नव्हता. मी मागच्या रांगेतून म्हणाले, ‘‘सर, पायात काटा मोडून जखम चिघळली की वर जांघेत गाठ येते. आमच्याकडं तिला अवधाण म्हणतात.’’ आजोबांच्या तळव्यात खरंच बाभळीचा काटा निघाला. प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘पाहिलंत? माणूस जिथला, तिथलं ज्ञान त्याच्या बरोबर येतं.’’

त्या दिवशी मी मेसमध्ये दोन वाट्या आमटी जास्त प्याले. आणि तेव्हापासून माझी सवयच झाली. जांघेत गाठ घेऊन कुणीही आलं, की इतर डॉक्टर दहा प्रश्न विचारतात, माझा पहिला प्रश्न ठरलेला: पायात काय मोडलं होतं का?

पुढं सांगलीत एका छोट्या दवाखान्यात लागले. तिथले मोठे सर्जन, आमचे सर, मूळचे साताऱ्याचे. शांत, सावकाश बोलणारे. तिथं एका मंगळवारी सकाळी आटपाडीच्या एसटीतून उतरून माझी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. आटपाडीजवळ तिची डाळिंबाची बाग आहे. ती आणि तिचे मालक दोघंच बघतात. आत्या म्हणजे आवाज आधी आणि माणूस मागून.

‘‘कुटं हाय आमची डाक्टरीण?’’ बाहेरूनच. ‘‘नंबर-बिंबर न्हाई लावायची मी. मी आत्या हाय तिची.’’

रांगेतल्या बायका हसल्या. आत्या आत आली ती जरा वाकून, उजवा हात ओटीपोटाखाली दाबून.

‘‘काय झालं गं?’’

‘‘काय न्हाई. अवधाण आलंय. औषीद दे आन् मोकळी कर. मला इमानात बसायचंय.’’

विमानाचं सगळ्या नात्याला माहीत होतं. आत्याची लेक कोइमतूरला असते. आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात तिकडं गेली आहेत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देतात. जावयाचंही तिथं तसंच दुकान. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि आत्ता कुठं लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे ठरलेलंच. पण तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हिनं प्रवास करायचा नाही. मग आत्यानंच निकाल लावला: लेक माहेरी येत नाही ना, तर माहेरच तिच्याकडं जाईल. सासू हयात नाही, करणारं दुसरं कुणी नाही. जावयानं पुण्याहून विमानाचं तिकीट काढून दिलं. पुढच्या आठवड्यातला शनिवार. मधे अकरा दिवस. आत्याचं ते तिकीट मोबाइलवर सगळ्या आटपाडीला दाखवून झालं होतं.

तर मी तिला टेबलावर झोपवलं. लुगड्याचा काष्टा सोडायला ती तयारच होईना. ‘‘वरनंच बघ की.’’ शेवटी सिस्टरनं पडदा ओढला, दार लावलं, तेव्हा कुठं. उजव्या जांघेत, घडीच्या जरा खाली, लिंबाएवढी गाठ. वरची कातडी लाल, त्यावर चुना-गुळाचा वाळलेला थर. हात लावला तशी किंचाळली. अंगात थोडी कणकण होती. उलटी नाही, पोट फुगलेलं नाही, संडासला साफ. दोन दिवसांपासून दुखतंय म्हणाली.

मी माझा प्रश्न टाकला. ‘‘पायात काय मोडलं होतं का?’’

‘‘व्हय की. डाळिंबाचा काटा. छाटणीच्या फांद्या गोळा करताना.’’

झालं! मी तिचा उजवा तळवा वर करून बघितला. आत्याच्या टाचा म्हणजे उन्हाळ्यातलं तळं, भेगाच भेगा. त्यात एक काळा ठिपका दिसला. माझी खात्री पटली. अवधाण आहे, गाठ पिकलीय, आत पू झालाय. सुई घालून बघायचं, पू आला की छोटा छेद द्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि आत्या विमानात. सरांना विचारायचीही गरज वाटली नाही. माझ्या मुलखातला आजार आणि माझीच आत्या.

सिस्टरनं ट्रे आणला. मी हातमोजे घातले. आत्या सुईकडं बघून सुरू झाली.

‘‘माझ्या लेकाला केली असती तुला, तर आज पाय चेपत बसली असतीस माझं. डाक्टर झालीस आन् आता सुई खुपसतीस व्हय?’’

‘‘तुझ्या लेकाला दहावीत तीनदा यश आलं नव्हतं, आत्या.’’

‘‘म्हणूनच तर शिकल्याली सून पायजे हुती!’’

सिस्टर हसून बेजार. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, गाठ दोन बोटांत धरली, सुई टेकवायची तेवढी राहिली. आणि आत्यानं डावा पाय उचलून सरळ माझ्या नाकासमोर धरला.

‘‘सुई काढलीच हायस तर ह्यातला काटा बी टोकरून टाक की. लय सलतोय.’’

मी त्या डाव्या पायाकडं बघितलं. अंगठ्याच्या खाली, सुजलेल्या जागेत, काट्याचं टोक स्पष्ट दिसत होतं.

‘‘काटा ह्या पायात गेलाय?’’

‘‘मग? कवाचं सांगतीय.’’

‘‘आणि उजव्या पायात?’’

‘‘उजव्या पायात काय न्हाई.’’

‘‘मग उजवीकडं अवधाण कसं येईल गं?’’

दुखायला लागल्यावर शेजारच्या बाईनं नुसतं ऐकून अवधाण म्हटलं होतं, जावेनं चुना-गूळ लावायला दिला होता, तिसरीनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकायला सांगितलं होतं, आणि मी, एवढी पुस्तकं वाचलेली, सुई घेऊन उभी होते. काटा कुठल्या पायात, हे आटपाडीपासून सांगलीपर्यंत एकीनंही विचारलं नव्हतं. काटा डाव्या पायातला आणि गाठ उजव्या जांघेत. काटा काय आत्यासारखा एसटीनं फिरतो?

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. जांघेतल्या गाठीत आतडं असलं आणि त्यात सुई घातली, तर काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. हातमोजे काढले, स्टूल ओढलं, आणि जे दहा प्रश्न इतर डॉक्टर विचारतात ते मी पहिल्यांदा नीट विचारले.

‘‘ही गाठ दोन दिवसांत आली का? खरं सांग.’’

आत्या छताकडं बघायला लागली. ‘‘दुखाय लागली दोन दिसांत.’’

‘‘आणि आली कधी?’’

‘‘वरीस झालं असंल.’’

‘‘वर्ष?’’

‘‘आगं, क्रेट उचललं की याची, पडलं की जायाची. मी काष्टा जरा कचकून बांधायची त्यावर. जांगंतली गोष्ट कुणाला सांगू? आमच्या मालकास्नी? आता दोन दिस झालं, आत जाईनाच झालीया.’’

येते, जाते, आणि आता जात नाही. हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. अंतर्गळ. हर्निया. बायकांना जांघेच्या घडीखालच्या एका अरुंद वाटेनं होतो तो, तोंड इतकं बारीक की आत सापडलेली गोष्ट आवळली जाते. आणि आत्यानं वर्षभर लपवलेल्या हर्नियाला पू समजून मी भोक पाडायला निघाले होते.

तिला सोनोग्राफीला नेलं. सोनोग्राफीच्या मॅडम गाठीवरून यंत्र फिरवत होत्या, फिरवता फिरवता थांबल्या. परत मागं नेलं. परत थांबल्या.

‘‘आतडं अडकलंय का?’’ मी विचारलं.

‘‘आतडं नाही वाटत. नळी आहे, पण बघ, एका टोकाला बंद आहे. हलत नाही, दाबलं तर दबत नाही. भिंत सुजलीय.’’ मग त्यांनी माझ्याकडं वळून आवाज एकदम खाली आणला. ‘‘अगं, हे अपेंडिक्स आहे.’’

‘‘जांघेत?’’

‘‘जांघेत!’’

आणि आम्ही दोघी, चांगल्या शिकल्यासवरल्या बायका, त्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींचे हात धरून शाळकरी पोरींसारख्या उड्या मारायच्या बेतात आलो. अपेंडिक्स पोटात उजवीकडं असतं, सगळ्या जगाला माहीत आहे. कधीतरी ते हर्नियाच्या पिशवीत उतरतं. पुरुषांत वरच्या वाटेनं उतरलेलं क्वचित सापडतं. पण बायकांत ह्या खालच्या अरुंद वाटेनं उतरून, तिथंच सुजून बसलेलं, पुस्तकातल्या तळटिपेत वाचलेलं. म्हणूनच उलटी नव्हती, पोट फुगलं नव्हतं. आतड्याची मुख्य वाट मोकळीच होती. नुसती शेपटी दारात चेमटली होती.

‘‘काय झालं गं?’’ आत्या अंधारातून. ‘‘पोरगं हाय का पोरगी?’’

मॅडमना हसू आवरेना.

सीटी स्कॅन केला, त्यातही तेच. मग सरांच्या केबिनमध्ये गेले. चित्रं दाखवायच्या आधी सांगून टाकलं, की सर, मी ह्यात सुई घालणार होते. अवधाण समजून. तिचा काटा दुसऱ्या पायात निघाला म्हणून वाचले.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘‘ओळखीचा आजार आणि ओळखीचा पेशंट. दोन्ही एकदम समोर आले की हात जपावा. आता दाखव.’’

चित्रं लावली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि हा सावकाश बोलणारा माणूस खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागं भिंतीवर आदळली. ‘‘अरे! इतकी वर्षं पोटं उघडतोय, हे नाही बघितलं कधी!’’ मग लगेच भान आलं. ‘‘आजच करायचं. फुटलं तर अवघड होईल. तू करतेस?’’

मी नको म्हणाले. माझे हात अजून त्या ट्रेपाशीच होते. ‘‘तुम्ही करा सर, मी मदतीला उभी राहते.’’

आत्याला मी सगळं सांगितलं. सुईचंही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मी तरी कुटं बोल्ले, वरीस झालं म्हणून? दोघींची बी चूक. फिट्टंफाट.’’ मग एकदम तिचा चेहरा उतरला. ‘‘आपरेशनला किती दिस? मला शनवारी जायचंय. पोरगी एकटी हाय गं तिकडं. अकरा वर्सांनी…’’

सगळ्या विनोदाखाली ती हेच घेऊन आली होती. मी म्हणाले, ‘‘आत्या, फुटलेलं नसलं आणि जखम चिघळली नाही, तर जाशील. चिघळली तर नाही. मी खोटं सांगणार नाही.’’

‘‘मग चिघळू देऊ नगंस,’’ आत्या म्हणाली, जसं काही चुलीवरचं दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणावं.

दिवस मावळायच्या आत तिला टेबलावर घेतलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. वरची आत्या पूर्ण जागी. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या ह्या बाजूला मी, सर आणि सिस्टर, त्या बाजूला आत्याचं तोंड आणि ते सांभाळायला भुलीचे डॉक्टर.

सरांनी छेद दिला, थर बाजूला करत पिशवीपर्यंत आले, पिशवी अलगद उघडली. आत लालबुंद, फुगलेलं अपेंडिक्स, मानेशी आवळलेलं. पू नव्हता. फुटलेलं नव्हतं. आम्ही सगळे एकदम गप्प झालो. बघतच राहिलो.

‘‘का गं, गप का झालासा?’’ पडद्यापलीकडून. ‘‘मेले का काय मी?’’

‘‘नाही हो आत्याबाई,’’ सर म्हणाले. ‘‘तुमचं अपेंडिक्स सापडलं.’’

‘‘तितं काय करतंय ते?’’

‘‘फिरायला आलं होतं, दारात अडकलं.’’

‘‘काढा भाईर. फुकटचा पावना. आन् दुसरं काय सापडलं तर बघा, जावायाकडं गाळाय पाठवू.’’

भुलीच्या डॉक्टरांनी मास्कमधल्या मास्कमध्ये हसू दाबलं. सरांनी ती अरुंद वाट जराशी मोठी केली, अपेंडिक्स हळूच पुढं ओढून त्याचं मूळ बघितलं. मूळ निरोगी. तिथं बांधून कापून काढलं. भोक बुजवायला एरवी जाळी बसवतात. पण सुजलेल्या जागी जाळी ठेवली तर तिच्यावरच जंतू घर करतात, म्हणून सरांनी धाग्यानंच टाके घालून ती वाट बंद केली. एकेक टाका असा सावकाश, की मला बागेतल्या फांद्या सुतळीनं बांधणारी आत्याच आठवली.

‘‘आत्याबाई, एक फोटो काढू का?’’ सर म्हणाले.

‘‘थांबा थांबा, पदर घिऊ द्या तोंडावर!’’

‘‘तुमचा नाही. ह्याचा. तुमचं नाव-गाव कुणाला सांगणार नाही, डॉक्टर लोकांना दाखवायचा.’’

‘‘काढा की मग! आन् मला बी दावा.’’

सिस्टरनं ट्रे पडद्यावरून दाखवला. आत्या मान वाकडी करून बघत राहिली. ‘‘एवढंसं? गवारीच्या शेंगंएवढं न्हाई, आन् एवढा तमाशा!’’

दुसऱ्या दिवशी सरांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले. का, तर आयुष्यात एकदा बघायला मिळालं. सगळ्या दवाखान्यात वाटले. आत्याला पहिल्या दिवशी पाण्याशिवाय काही द्यायचं नव्हतं. ‘‘शेपूट माजं आन् पेढं तुमाला?’’ हे ती येईल त्या प्रत्येकाला ऐकवत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं स्वतः सोनोग्राफीपासून समजावून सांगितलं, हातवारे करून, आणि शेवटी म्हणाली, ‘‘जांगंत काय आलं तर लाजू नगंस बाय. मी लाजले म्हणून वरीस काडलं.’’ हे वाक्य मी दहा भाषणांत सांगू शकले नसते.

मग सुरू झाले मोजायचे दिवस. रोज सकाळी मी पट्टी उघडायची तेव्हा आत्या जखमेकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघायची. तिसऱ्या दिवशी एका टोकाला जरा लाली दिसली. मी काही बोलले नाही, पण आत्यानं माझं तोंड वाचलं. ‘‘शनवार गेला का गं?’’ मी म्हणाले, उद्या बघू. त्या दिवशी तिनं कुणाशी भांडण केलं नाही, एकदाही नाही. सिस्टर घाबरून मला सांगायला आली. दुसऱ्या दिवशी लाली ओसरली होती. आत्यानं लगेच चहात साखर कमी म्हणून कँटीनवाल्याला झापलं आणि सगळ्या वॉर्डानं सुटकेचा निःश्वास टाकला.

विमानाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सरांनी टाके काढले. खोकायला लावलं, चालायला लावलं. घट्ट. कोरडं. सर म्हणाले, ‘‘जा. पण वजन उचलायचं नाही. पिशवी नाही, कळशी नाही, काहीही नाही. दोन महिने.’’ आत्यानं सरांच्या पायाला हात लावायला वाकायचं बघितलं, तर सरच दोन पावलं मागं सरले. ‘‘वाकायचंही नाही!’’

विमानतळावर मी सोडायला गेले. सरांची चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत. सामान सगळं मीच ढकलत होते आणि आत्या राणीसारखी मोकळ्या हातानं पुढं. तपासणीच्या पडद्याआड गेलेली आत्या दिसली नाही, पण आवाज बाहेर आला: ‘‘तितं हात नगं लावू बाय, नवी शिलाई हाय!’’ पाठोपाठ दोन-तीन बायका एकदम हसल्या.

पाचव्या दिवशी दुपारी ओपीडीत माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. कोइमतूरचा दवाखाना. आत्या, डोळे लाल, पदर खांद्यावरून घसरलेला. मागं खाटेवर तिची लेक, थकलेली, हसत होती.

‘‘पोरगी झाली,’’ आत्या म्हणाली. मग तिच्या तोंडून पुढचा शब्द येईना. मला वाटलं रडतेय. पण तसं नव्हतं. ती अडली होती. तिच्या शेजारी नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढं करून उभी होती आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली माझी आत्या दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी होती.

‘‘तुज्या सरांनी काय बी उचलू नगं म्हणून सांगितलंय,’’ ती म्हणाली. ‘‘उचलू का?’’

‘‘किती किलोची आहे?’’ मी विचारलं.

तिनं नर्सला बोटांनी विचारलं. नर्सनं बोटांनी सांगितलं. ‘‘पावणेतीन.’’

‘‘उचल,’’ मी म्हणाले.

तिनं फोन तसाच कुठंतरी ठेवून दिला. मला छताचा पंखा तेवढा दिसत राहिला आणि आत्याचा आवाज ऐकू येत राहिला. समोरच्या खुर्चीतल्या पेशंटला म्हणाले, दोन मिनिटं थांबा हं, आणि ऐकत बसले.